वीस मार्चची पंगत

भिकाजी खांबेजवळ स्वतःचा म्हणावा असा एकच ऐवज होता, तो म्हणजे आवाज. अकरा वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केल्यावर त्याला महाड स्थानकावर वाहतूक नियंत्रकाची जागा मिळाली, आणि काचेच्या खिडकीमागे बसून माईकवरून गाड्या पुकारायचं काम आलं, तेव्हा उशिरा का होईना, आपल्याला कोणी तरी ओळखलं असं त्याला वाटलं. "पोलादपूरमार्गे महाबळेश्वरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे," हे वाक्य तो अशा थाटात म्हणायचा, की गाडीतून कोणी मंत्री उतरणार आहे. आपला आवाज आला की प्रवासी बोलायचे थांबून कर्ण्याकडे बघतात, असं त्याने घरी सांगितलं होतं. नीला, त्याची बायको, म्हणाली की ते घड्याळाकडे बघतात. घड्याळ कर्ण्याच्या खालीच आहे.

नीला पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. अलिबागला शिकून आली, आणि पहिल्याच वर्षी महाडहून पोलादपूरला जाता-येता तिची गाठ या कंडक्टरशी पडली. तो रोज तिला विचारायचा, "कुठे?" तीही रोज सांगायची, "पोलादपूर." असं सहा महिने चाललं. लग्न झाल्यावरही तो रोज विचारत राहिला, आणि ती रोज सुटे पैसे देऊन तिकीट घेत राहिली. पुढे ती डोंगरातल्या वाड्यावाड्यांवर पायी फिरून बाळंतपणं करू लागली. मुलगी विशाखा शाळेत जाऊ लागली तसं दोघांनी महाडात, चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, साळूबाईच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढे पडवी, मागे परसू आणि परसात विहीर. साळूबाई बाजारात भाजी विकायची आणि भाडेकरूंवर करडी नजर ठेवायची. विहिरीवर बादली जरा जोरात आपटली तरी तिचं दार उघडायचं.

एकोणऐंशी सालच्या जानेवारीत शिवथर खोऱ्यातल्या भिकाजीच्या वाडीत बैठक भरली. बुद्धविहाराच्या भिंती उभ्या होत्या, वर छप्पर नव्हतं. वाडीतले गिरणीत गेलेले लोकही मुंबईहून आले होते. त्यातला सोमा उभा राहिला आणि म्हणाला, "पत्र्याची फिकीर नको. पुरं छप्पर माझ्यातर्फे." टाळ्या वाजल्या. भिकाजीने घरून निघताना सिमेंटच्या दोन गोण्या द्यायचं मनाशी ठरवलं होतं. छपराच्या मागून सिमेंट काय बोलायचं? तो गप्प बसला असता तरी चाललं असतं, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं. पण समोर एवढी माणसं, आणि बोलायची आयती संधी. तो उठला.

काय काय बोलला ते पुढे त्याला स्वतःलाही नीट आठवत नसे. वीस मार्चला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, आपले लोक एवढ्या लांबून तळ्यावर येतात, उन्हातान्हात उपाशी उभे राहतात, असं काहीसं तो बोलला, आणि बोलता बोलता त्याला स्वतःलाच गहिवरून आलं. त्या गहिवरातच त्याने जाहीर केलं की यंदापासून वीस मार्चला आपल्या खोऱ्यातून महाडला येणाऱ्या प्रत्येकाचं जेवण भिकाजी आणि नीला खांबे यांच्या घरी होईल. सोमापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. त्याने त्या ऐकता ऐकता तोलूनही पाहिल्या.

नीलाला हे चांगली वेळ बघून सांगायचं असं त्याने ठरवलं. दोन दिवस चांगली वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी शिवथरकडची एक बाई आपल्या गरोदर लेकीला घेऊन पोलादपूरच्या दवाखान्यात आली आणि तिने नर्सबाईंचे आभार मानले. संध्याकाळी नीला घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "वीस मार्चला आपल्याकडे जेवण आहे म्हणे."

"सांगणारच होतो."

"किती माणसं?"

"पन्नास. फार तर साठ."

"करणार कोण?"

"आपण."

"आपण म्हणजे कोण?" नीलाने विचारलं.

प्रश्न साधा होता, आणि भिकाजीने त्याचा अजिबात विचार केलेला नव्हता. वीस मार्चला तळ्यापाशी आरोग्य पथक बसायचं आणि गेली तीन वर्षं नीलाची ड्यूटी तिथेच लागायची, हे त्याला ठाऊक होतं. विशाखाची दहावीची परीक्षा त्यानंतर दहाच दिवसांनी सुरू होणार होती, हेही ठाऊक होतं. तो म्हणाला की आपण रजा काढू आणि एकट्याने सगळं बघू.

दुसऱ्या दिवशी तो रजेचा अर्ज घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेला. साहेबांनी अर्ज वाचला आणि हसले. वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी त्या दिवशी, जादा गाड्या त्या दिवशी, आणि खांबे नसतील तर पुकारणार कोण, तुमच्यासारखा आवाज आणायचा कुठून, असं त्यांनी विचारलं. भिकाजीला हे इतकं आवडलं की तो खूश होऊन बाहेर आला, चहा प्यायला, आणि अर्धा कप संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की रजा काही मिळालेली नाही.

म्हणजे वर्षातल्या तीनशे पासष्ट दिवसांतून त्याने नेमका असा एक दिवस निवडला होता, ज्या दिवशी यजमान आणि यजमानीण दोघांपैकी कोणीच घरी असणं शक्य नव्हतं.

नीला चिडेल असं त्याला वाटत होतं. ती चिडली नाही. शब्द तुम्ही दिलात, पण नाव दोघांचं घेतलंत, तेव्हा आता तो पाळायला हवा, एवढंच म्हणाली. मग तिने सांगितलं, "दर वर्षी दुपारनंतर चक्कर येऊन माझ्यापुढे बसतात ना, त्यातल्या निम्म्यांना औषध नको असतं. भाकरी हवी असते. मी गोळी देते, कारण माझ्याकडे गोळीच असते."

भिकाजीने मान खाली घातली. त्याने भाषणात हेच म्हटलं होतं, पण त्याने ते टाळ्यांसाठी म्हटलं होतं, आणि ही स्वतःच्या कामातलं सांगत होती.

शेवटी वाडीहून त्याची वहिनी चंपाबाई दोन दिवस आधी येणार असं ठरलं. भात आणि वालाचं बिरडं करायचं, हा भिकाजीचा आग्रह. साधी आमटी करा असं नीलाने सुचवलं, पण आपल्या घरचं पहिलं जेवण आणि आमटी, हे त्याला पटेना. मग वाल भिजले, मोड आले, आणि सोलायची वेळ आली तेव्हा विशाखा अभ्यासाचं पुस्तक घेऊन आत गेली आणि नीलाला अचानक दवाखान्याचा अहवाल लिहायचा होता. एकोणीस तारखेला ड्यूटीवरून आल्यापासून भिकाजी परसात बसून एकेक वाल सोलत होता. पहिला तासभर तो आनंदात होता. त्यानंतर त्याची बोटं इतकी सुरकुतली, की तेवढ्यात कोणी अंगठा उठवायला सांगितला असता तर कागदावर काही उमटलं नसतं.

"भावजी," चंपाबाई म्हणाली, "भाषण करताना हे वाल दिसलं नाय का रे तुला?"

वीस तारखेला पहाटेच नीला पथकाबरोबर गेली. भिकाजी सहाला स्थानकावर हजर झाला. पहिल्या गाड्यांपासूनच माणसं उतरू लागली. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, हातात निळे झेंडे. भिकाजी आवाजाची शर्थ करत होता. आठ वाजता त्याने पहिल्यांदा ती घोषणा केली. रीतसर, मोजून मापून, शिवथर खोऱ्यातून आलेल्या मंडळींनी जेवणासाठी साळूबाईच्या चाळीत भिकाजी खांबे यांच्या घरी यावं अशी. माईक एस.टी.चा होता आणि जेवण घरचं, हे त्याला कळत होतं, म्हणून तो एकदाच बोलणार होता. नवाच्या सुमारास त्याने ती पुन्हा केली. साडेनऊलाही केली. स्वतःचं नाव कर्ण्यातून ऐकायला कसं वाटतं हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

दहा वाजता खिडकीशी एक म्हातारा आला. पांढरं धोतर, पायांवर धूळ. परभणीकडून आलो, दोन रात्री प्रवासात गेल्या, असं त्याने सांगितलं आणि अगदी हळू विचारलं, "साहेब, ते जेवण आमच्यासाठी बी हाय का? का फकस्त तिकडच्या लोकायलाच?"

मागे रांग होती. रांगेतले सगळे उत्तराची वाट बघत होते. भिकाजीने तोंड उघडलं. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण ज्या दिवशी लोक पाण्यासाठी इथवर चालत आले होते, त्या दिवसाच्या आठवणीला आलेल्या म्हाताऱ्याला खोरं विचारून परत पाठवायचं, हे त्याच्याच्याने होईना. आणि खरं सांगायचं तर रांगेसमोर मोठेपणा दाखवायचा मोहही सुटेना. त्याने माईकचं बटण दाबलं आणि म्हणाला, "भिकाजी खांबे यांच्या घरी सर्वांसाठी जेवणाची सोय केलेली आहे. कोणीही यावं."

म्हाताऱ्याने हात जोडून "जय भीम" केलं आणि तो निघून गेला. त्याच्यामागोमाग अर्धी रांग गेली.

अकरापर्यंत भिकाजी स्वतःवर खूश होता. साडेअकराला त्याने सहज आकडेमोड केली आणि ती पन्नास पानांशी अडली. वाल त्याने स्वतः सोलले होते, त्यामुळे ते किती आहेत हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर तो ड्यूटी संपेपर्यंत गाड्या पुकारत होता, पण आवाजातली सगळी ऐट गेली होती. बरोबरच्या कारकुनाने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

तीन वाजता तो जवळजवळ धावतच घरी निघाला. गल्लीच्या तोंडापासूनच माणसं बसलेली होती. सावली सरकेल तशी सरकत होती. आपल्या दारात भांडणं चालली असतील, चंपाबाई रडत असेल, साळूबाईने सामान रस्त्यावर काढलं असेल, असं त्याला वाटत होतं. यातलं काहीच चाललेलं नव्हतं. भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता.

दारात एक धिप्पाड बाई कमरेला पदर खोचून उभी होती. भिकाजी तिच्या बाजूने आत शिरू लागला, तर तिने हात आडवा केला.

"रांगेनं, भाऊ."

"अहो, हे माझं घर..."

"आज समद्यायचंच हाय," ती म्हणाली. "बसा तिथं."

तिने त्याला दंडाला धरून पडवीतल्या पंगतीत बसवलं आणि पुढ्यात पत्रावळ टाकली. भिकाजीच्या अंगावर एस.टी.चा खाकी गणवेश होता, पण त्या दिवशी महाडात खाकी कपडे इतके होते की त्यावरून कोणी काही ओळखणं शक्य नव्हतं. तो उठून सांगणार होता. तेवढ्यात त्या बाईने, प्रयागबाई तिचं नाव, भाकरी वाढता वाढता शेजारणीला सांगायला सुरुवात केली की या घरचा मालक मोठा शहाणा दिसतो. माईकवर बसून मुलूख जेवायला बोलावला, आणि घरात बघावं तर पन्नास पानांचं कालवण, एक लहान पोर आणि एक म्हातारी. स्वतः कुठं तोंड लपवून बसलाय कोण जाणे. भेटला तर विचारणार हाय.

भिकाजी पुन्हा खाली बसला.

त्याच्या डाव्या हाताला नेमका तो खिडकीवरचा म्हातारा होता. जेवून झालं तरी उठवत नव्हतं म्हणून भिंतीला टेकला होता. भिकाजीने चटणी मागितली, तसा म्हातारा वळून बघू लागला आणि म्हणाला, "तुमचा आवाज कुठं तरी ऐकल्यावानी वाटतो." त्यानंतर भिकाजीने भाकरी हाताने खूण करून मागितली आणि पाणीही खूण करूनच. प्रयागबाईला वाटलं बिचारा मुका आहे. तिने त्याला अर्धी भाकरी जास्त वाढली.

ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पातळ डाळ. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्याने खाली मान घालून सगळं खाल्लं.

तो जेवत असतानाच नीला आली. पथकाचं काम आटोपलं होतं. पांढरी साडी धुळीने मळलेली, डोळे लाल. प्रयागबाईने तिलाही दारात अडवलं आणि जिथे जागा होती तिथे, म्हणजे नवऱ्याशेजारीच, बसवलं. नीलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा घराकडे पाहिलं, आणि कसलीही ओळख न दाखवता विचारलं, "आपण कुठले?"

भिकाजीने ओठ न हलवता हळूच सांगितलं की गप्प बस, मी कोण ते यांना कळलेलं नाही.

"सकाळी एक माणूस डोकं दुखतं म्हणून माझ्याकडे आला," नीला तितक्याच हळू म्हणाली. "गोळी घेतली आणि विचारलं, खांबेंचं घर कुठे, जेवण आहे म्हणे. मग दुसरा आला. मी चाळीस जणांना तरी पत्ता सांगितला असेल. माझ्याच घराचा. त्यांच्यातल्या एकालाही सांगितलं नाही की मी कोण."

"का?"

"लाज वाटली. घरात काय आहे ते मला माहीत होतं ना."

भिकाजीला हसू यायला लागलं. वाईट वाटत असतानाच यायला लागलं, त्यामुळे ते आवरेना. नीलाही पदर तोंडाशी धरून हसू लागली. एवढ्यात विशाखा भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर आली. चेहऱ्याला पीठ, केसांत राख. आईबापांना पंगतीत पाहून ती जागच्या जागी थांबली.

"बाबा, आई, तुम्ही इथे काय बसलायत?"

पडवीतल्या सगळ्या माना वळल्या. प्रयागबाईने भिकाजीला वरपासून खालपर्यंत निरखलं. आता ती काय बोलते याची सगळे वाट बघत होते, आणि सगळ्यात जास्त भिकाजी. ती म्हणाली, "मुका न्हाई म्हणजे. बरं झालं. जेवण झालं असंल तर उठा आन् परसात भांडी पडल्यात, तिकडं बघा."

भांडी घासता घासता त्याला सगळी हकिकत कळली. बिरडं पहिल्याच पंगतीत संपलं होतं. दुसऱ्या पंगतीला नुसता भात, आणि तिसऱ्या पंगतीला काहीच नाही. चंपाबाईने हात टेकले. तेव्हा विशाखानेच पडवीत येऊन, घाबरत घाबरत, खरं काय ते सांगितलं की आमच्याकडचं संपलं, बाबांचा अंदाज चुकला. कोणी उठून गेलं नाही. प्रयागबाईबरोबर एक ट्रकभर बायका आल्या होत्या, त्यांनी आपापली गाठोडी सोडली. कोणाकडे ज्वारीचं पीठ, कोणाकडे डाळ, कोणाकडे मिरच्या. परसात तीन चुली मांडल्या. जळण कुठून आणायचं हा प्रश्न पडला तेव्हा साळूबाईचं दार उघडलं. आता शिव्या येणार म्हणून सगळे थबकले. तिने पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडं दाखवली आणि सांगितलं, "ही घ्या. आणि विहिरीवर बादली आपटू नका."

माणसं किती जेवली ते कोणी मोजलं नव्हतं. संध्याकाळी सगळे पांगले तेव्हा परसात राख, अंगणात पत्रावळी आणि प्रयागबाईने विशाखासाठी ठेवलेली ठेच्याची वाटी एवढंच उरलं.

भिकाजी विहिरीच्या कठड्यावर बसला होता. एवढी जाहिरात करून आपण नक्की काय दिलं, याचा तो विचार करत होता. पन्नास माणसांचं बिरडं. बाकी सगळं खायला आलेल्यांनीच आणलं, आणि उरलेलं साळूबाईने दिलं. तो नीलाला तसं म्हणालाही.

"जागा दिली ना," नीला म्हणाली. "विहिरीचं पाणी दिलं. आणि पत्ता सांगितलात, तोही तीन-तीनदा." ती मग गंभीर झाली. "पुढच्या वर्षी नीट करू. पण ठरवायचं मी."

तिने ठरवलं ते असं. खोऱ्यातल्या प्रत्येक वाडीने आपापला तांदूळ आधी आणून टाकायचा. जळण, डाळ, तेल, मीठ या घराचं. कोणी लांबचं आलं तर त्याने जेवावं आणि जमलं तर भाकऱ्या थापू लागावं. बिरडं करायचं नाही. स्थानकावरून घोषणा करायची नाही. भिकाजीने सगळ्याला मान डोलावली. शेवटच्या अटीवर त्याने जरा उशिरा डोलावली.

विशाखा त्या परीक्षेत पास झाली. गणितात काठावर. तिने आयुष्यभर त्याचं खापर वीस मार्चवर फोडलं, जरी गणित तिला आधीही येत नव्हतं. पुढे तीही अलिबागला नर्सिंगला गेली. प्रयागबाई चार वर्षं सलग आली. दर वेळी पिठाचं पोतं घेऊन यायची आणि दारात उभं राहून भिकाजीला न चुकता विचारायची, "मुक्या, बरा हायेस ना?" पाचव्या वर्षी ती आली नाही. तिच्या सुनेने पोतं आणलं.

शेजारीपाजारी आणि वाडीतही पुढे ही गोष्ट भिकाजीच सांगायचा, आणि स्वतःला त्यात जरासुद्धा सोडायचा नाही. वाल सोलल्याचं सांगताना अंगठा वर करून दाखवायचा. सोमा मुंबईहून आला की पुन्हा सांगायला लावायचा आणि पुन्हा हसायचा. तोवर विहाराचं छप्पर झालं होतं, आणि दर पावसाळ्यात एका कोपऱ्यातून गळायचंही. तेव्हा भिकाजीलाही हसायला मिळायचं.

शहाऐंशी साली त्याची बदली हिशेबाच्या कचेरीत झाली आणि वीस मार्चला त्याला पहिल्यांदाच रजा मिळाली. सकाळी त्याने इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले आणि येणाऱ्यांचं स्वागत करायला दारात जाऊन उभा राहिला. सात मिनिटं उभा होता. मग चंपाबाईने त्याच्या हातात कळशी दिली, कारण पाणी ओढायला माणूस कमी होता. दिवसभरात त्याने विहिरीतून किती कळश्या ओढल्या याचा त्याला पत्ता लागला नाही. वय पन्नास, आणि सवय खिडकीत बसायची.

दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सकाळी नीलाने त्याच्या खांद्याला मलम चोळलं. जेवायला बसला तर घास तोंडापर्यंत पोचेना. तिने त्याची थाळी पुढे ओढली आणि भात कालवायला घेतला.

"काल फार लोक होते," तो म्हणाला.

"होते," नीला म्हणाली. "मीठ घालू का अजून?"